अमेरिकेत रायफलच्या गोळीचं छोटं पिस्तूल जुळवायचं आहे: ५.५६ घ्यावं की .३०० ब्लॅकआउट, या दोन रायफल-गोळ्यांपैकी कुठली? गोळ्यांचा खर्च किती येतो?

आधी व्हिसा बघा. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडता, बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असेल तर पुढे वाचा.

पैशाचं गणित बंदुकीपेक्षा गोळ्यांवर फिरतं. ५.५६ची साधी सरावाची गोळी साधारण अर्ध्या डॉलरच्या आसपास पडते, .३०० ब्लॅकआउट बहुधा त्याच्या दीडपट ते दुप्पट. नेमबाजीच्या रेंजवर दोनशे गोळ्या कधी संपल्या कळत नाही, म्हणजे ५.५६चेच शंभरेक डॉलर गेले. नुसता नेम सुधारायचा असेल तर सरळ ९ एमएमची, म्हणजे पिस्तुलाची नेहमीची गोळी घ्या, निम्म्यात काम होतं.

पण स्वस्त म्हणून ५.५६ सात इंची नळीत घालणं मला पटत नाही. ती गोळी २० इंची नळीसाठी घडलेली. आखूड नळीत बरीचशी दारू बाहेर येऊन जळते. वेग घटतो, डोळ्यांपुढे आगीचा गोळा, आणि बंदिस्त रेंजवर शेजारचा वैतागतो. ब्लॅकआउटची दारू मात्र नऊ इंचांत जवळपास जळून जाते.

दोन्ही ठेवणार असाल तर मॅगझिनवर, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीवर, रंगीत पट्टी लावाच. दोन्हींना मॅगझिन एकच चालतं, आणि ब्लॅकआउटची गोळी ५.५६च्या नळीत गेली तर बंदूक फुटते.

खांद्याला टेकवायचा दस्ता मात्र परस्पर लावू नका. १६ इंचांखालच्या नळीला तो लागला की कायद्याने ती 'आखूड नळीची रायफल' होते. २०२६पासून तिचा २०० डॉलरचा कर शून्यावर आलाय, नोंदणी सुटलेली नाही.