निपाणीची मुलगी लहान मुलांची ट्रॉमा सर्जन (अपघातातल्या गंभीर जखमांवर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर) होऊ शकते का? किती वर्षं लागतील?

होईल की! पण घाई नको. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, मग जनरल सर्जरीत एमएस ही पदव्युत्तर पदवी ३, त्यावर नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन पेडियाट्रिक म्हणजे लहान मुलांच्या सर्जरीत एमसीएच ही त्यापुढची पदवी ३. म्हणजे सगळं सरळ गेलं तरी साडेअकरा. शिवाय एटीएलएसचा, म्हणजे गंभीर जखमींना आधी कसं सांभाळायचं याचा, छोटा कोर्स करावा. पहिला टप्पा बेळगावातच होतो: सरकारी मेडिकल कॉलेज बिम्स किंवा केएलई संस्थेचं खासगी कॉलेज जेएनएमसी. फी बघता आधी बिम्ससाठीच जीव तोडा. आणि वॉर्डात कन्नड लागतंच, आत्तापासून बोलायला लावा.

खरी कसोटी वेगळी. दहा किलोच्या पोराच्या अंगात रक्त साधारण ८०० मिली. बरंच रक्त जाईपर्यंत बीपी टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून नाडीवर लक्ष ठेवावं लागतं. बरगड्या लवचिक, त्यामुळे बरगडी शाबूत आणि फुप्फुस दुखावलेलं, असंही होतं. उलट पोटातली प्लीहा (स्प्लीन) फाटली तरी बऱ्याच मुलांना ऑपरेशन लागत नाही. नजर ठेवून थांबणं हीच मोठी विद्या. रात्री-अपरात्री उठायची तयारी नसेल तर माझ्या मते दुसरी शाखा बघावी.