2016 च्या महिला हँडबॉल चॅम्पियन्स लीग फायनलचा स्कोअर 29-26 दिसतो, मग सामना पेनल्टीवर गेला असं का म्हणतात?

सामना खरोखरच पेनल्टीवर गेला होता. हँडबॉलमध्ये शूटआउटचे गोल मूळ स्कोअरमध्येच मिळवतात, म्हणून शेवटचा आकडा 29-26 दिसतो. फुटबॉलमध्ये ते वेगळे लिहितात, त्यामुळे आपल्याकडे हा गोंधळ सहज होतो. बुडापेस्टमध्ये रोमानियाचा बुखारेस्ट आणि हंगेरीचा ग्यॉर या क्लबांमध्ये झालेल्या त्या फायनलचा हिशेब असा:

- 60 मिनिटांनंतर 22-22
- जादा वेळेनंतर (5-5 मिनिटांचे दोन भाग) 25-25
- 7 मीटरवरच्या शूटआउटमध्ये बुखारेस्ट 4, ग्यॉर 1

25 अधिक 4 म्हणजे 29, आणि 25 अधिक 1 म्हणजे 26. नुसत्या 29-26 वरून सामना बुखारेस्टने आरामात जिंकला असं वाटतं, आणि तो त्या दिवशी खेळलेल्या दोन्ही संघांवर अन्याय आहे. रोमानियाच्या सीएसएम बुखारेस्टचा हा या स्पर्धेतला पहिलाच हंगाम होता, समोर हंगेरीचा बलाढ्य ग्यॉर, तोही आपल्याच देशात, आपल्याच प्रेक्षकांपुढे. इसाबेल गुल्डेनसारखी अव्वल खेळाडू बुखारेस्टच्या हाताशी असली तरी हे सोपं नव्हतंच. त्याच वर्षी पुरुषांची फायनलही शूटआउटवर गेली होती आणि तिचा 39-38 हा स्कोअरही असाच बेरजेचा आहे.

एक लक्षात ठेवा: एकाच जादा वेळेनंतर थेट शूटआउट ही या फायनल फोरची (शेवटच्या चार संघांच्या अंतिम टप्प्याची) पद्धत होती. हँडबॉलच्या सर्वसाधारण नियमांत बरोबरी कायम राहिली तर दुसऱ्यांदा जादा वेळ देण्याचीही तरतूद आहे, त्यामुळे इतर स्पर्धांचे स्कोअर वाचताना त्या स्पर्धेचा नियम आधी पाहा.