आधी कडेवरचं बाळ

अगं,
तुझे अंगणवाडीच्या इमारतीचे प्लॅन बघितले, दोनदा बघितले. भिंतीवरचा जिराफ गोड आहे, गोल खिडक्या पण छान. पण मला सांग, आठ वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन दाराशी आली तर ती कुठे थांबणार? तुझ्या प्लॅनमध्ये तिला जागाच नाहीये.

हा प्रश्न काही माझा नाही, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांचा आहे. १९४५ ला बोर्डीला त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीचं काम सुरू केलं आणि लक्षात आलं की आदिवासी पाड्यावरची पोरं येतच नाहीत, कुणाला गुरं राखायची असतात, कुणाला धाकटं सांभाळायचं असतं. मग काय, पोरांना दोष न देता बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी, आणि पुढे विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे बाळ पाळण्यात आणि ताई वर्गात. सरकारची आयसीडीएस, म्हणजे एकात्मिक बालविकास योजना, १९७५ ला आली, तिनं अंगणवाडी हे नाव घेतलं पण पाळणाघर बहुतेक ठिकाणी राहूनच गेलं. आत्ता २०२२ नंतर केंद्र सरकारच्या पाळणा योजनेत अंगणवाडी-कम-क्रेश म्हणून ते परत येतंय, बघू.

म्हणून पाळणाघराची खोली आधी काढ, वर्गाला लागून, मधे अर्धी भिंत, म्हणजे ताईला मान वळवली की बाळ दिसलं पाहिजे.

दुसरं म्हणजे ओटा. सरकारी निकषात ६०० चौरस फूट लिहिलेले असतात, आणि वस्तीत मिळते दहा बाय बाराची भाड्याची खोली, त्यामुळे सगळ्यांचा पहिला वार ओट्यावर पडतो. तू तो कापू नकोस. आया आत येत नाहीत गं, त्या ओट्यावर टेकतात, तिथेच एकमेकींना सांगतात की बाळ दूध ओढत नाहीये, आणि सेविकाताईंना निम्म्या गोष्टी तिथेच कळतात. पावसाळ्यात छत्र्या, चपला, ओली पोरं सगळं तिथेच, तेव्हा छप्पर चांगलं पुढे काढ.

बाकी बारीकसारीक, पण यावरच सगळं अडतं. वजनकाटा टांगायला स्लॅबमध्ये हूक आत्ताच सोड, नाहीतर नंतर दाराच्या चौकटीला खिळा ठोकतात. नर्सबाई गरोदर बायकांना तपासतात त्याला पडदा आणि एक पलंग मावेल एवढा कोपरा हवा, सगळ्यांसमोर कोण पोट दाखवणार? आणि स्टोअर. माझ्या पहिल्या कामात मी स्टोअर एवढंसं ठेवलं होतं, वर्षभरानं गेले तर पोरांच्या संडासात घरपोच आहाराची पोती रचलेली आणि पोरं मागच्या गटारावर. मेलं, लाज वाटली. पोती जमिनीपासून वर राहतील असा कट्टा कर, ओल आणि उंदीर दोन्ही असतात.

सेविकाताई आणि मदतनीसताईंना प्लॅन कागदावर दाखवू नकोस, समजल्यासारखं करतात आणि हो म्हणतात. जमिनीवर खडूनं आख आणि त्यांना त्यात चालायला लाव.

आणि मला नवा प्लॅन पाठवायच्या आधी, तिथल्या लसीकरणाच्या दिवशी सकाळी नऊलाच जाऊन बस. टेप नेऊ नकोस. दाराबाहेर चपला किती साठतात तेवढ्या फक्त मोज आणि मला फोन कर.