हात लावू देणारे संग्रहालय

प्रश्न : माझी नात नऊ वर्षांची आहे. सुट्टीत तिला पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवायला नेले. सुरुवातीला ती रमली, पण वस्तूंना हात लावायचा नाही असे बजावताच तिचे लक्ष उडाले. आपल्या प्रादेशिक कलेसाठी वस्तू हाताळू देणारी, मुलांना स्वतः करून बघू देणारी संग्रहालये असावीत का? की त्याने संग्रहालयाचे खेळघर होईल?
— एक आजोबा, कोथरूड

उत्तर : असावीत, असे माझे ठाम मत आहे. मात्र ‘हात लावू नये’ ही पाटी विनाकारण लावलेली नसते. तळहाताच्या घामातल्या क्षारांनी पितळ डागाळते आणि रोज शेकडो हात फिरले तर लाकडावरचे कोरीवकामही झिजते. दिनकर केळकरांनी हयातभर गावोगाव हिंडून जमवलेल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने जपलेल्या या ठेव्यातली एकही वस्तू पुन्हा घडवता येणार नाही.

तरीही काचेआड बरेच काही हरवते, हे खरे आहे. त्याच संग्रहालयातल्या वज्रीच घ्या. टाचा घासण्याच्या या पितळी वस्तूवर पक्षी किंवा प्राणी घडवलेला असतो, आणि तेवढाच आपल्याला दिसतो. तिचा खरबरीत तळ, हातातले वजन आणि काही वज्रींच्या पोकळ पोटात खुळखुळणारे खडे यांचा पत्ता नजरेला लागत नाही. कपाटाशेजारी तशीच ओतलेली एखादी प्रतिकृती ठेवली, तर मूल ती उलटी करील, कानाशी हलवील आणि मग मूळ वस्तूकडे वेगळ्या कुतूहलाने पाहील. इटलीतल्या अँकोना शहरात १९९३ साली स्थापन झालेले ओमेरो संग्रहालय स्पर्शावरच उभे आहे. दृष्टिहीनांना डोळ्यासमोर ठेवून ते सुरू झाले, पण डोळस माणसेही तिथे शिल्पे हातांनी वाचतात.

खेळघराची भीती मला बटणे आणि पडदे यांच्या बाबतीत वाटते. पडद्यावर बोट फिरवून वारली चित्र उमटले, तर मुलाला पडदा कळतो, वारली कळत नाही. त्याऐवजी गेरूने सारवलेला तुकडा, तांदळाच्या पिठाचे पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी पुढे ठेवावी. पहिली रेघ ओघळली की ती इतकी बारीक काढायला हात किती स्थिर लागतो, हे मुलाला आपोआप समजते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचेही तसेच आहे. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने नुसती मांडून ठेवण्यापेक्षा नव्याने रंगवलेला एक जोड खेळायला दिला, तर मत्स्य आणि कूर्म ओळखल्याशिवाय डाव पुढे सरकणार नाही. कारागिराच्या किंवा वापरणाऱ्याच्या हाताने जे केले, तेच पाहणाऱ्याच्या हाताला करायला मिळावे, ही माझी कसोटी आहे.

तोवर नातीला पुन्हा न्या, पण सगळी दालने एका दमात दाखवू नका. आपण कोथरूडचे, म्हणून आधी मस्तानी महालाकडे जा. तो मूळचा कोथरूडचा, तिथून उतरवून शुक्रवार पेठेतल्या याच संग्रहालयात पुन्हा उभारलेला आहे. सोबत कागद-पेन्सिल असू द्या आणि एकच वस्तू निवडून तिला ती काढू द्या. घरच्या किंवा एखाद्या आत्याच्या जुन्या पेटीत वज्री निघाली, तर आंघोळीच्या वेळी तिला स्वतःची टाच घासू द्या, आणि मग त्या कपाटापुढे उभे करा.