वाचक विचारतात : इराकमध्ये मतपेटी आहे, विरोधी बाक कुठे?

प्रश्न : शिया, सुन्नी, कुर्द अशी फूट आणि 2003 पासून रक्तपात. इराकसारख्या देशात लोकशाही रुजणे शक्य तरी आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : निवडणुका रुजल्या आहेत. विरोधी पक्ष रुजलेला नाही आणि खरे दुखणे तिथे आहे. सद्दाम हुसेनच्या पाडावानंतर बगदादमध्ये एकही पंतप्रधान लष्करी बंडातून आलेला नाही. शेजारपाजार पाहता ही लहान गोष्ट नव्हे.

फूट जुनी होती, पण तिला सत्तावाटपाचे अधिकृत माप बनवले ते 13 जुलै 2003 रोजी. अमेरिकी प्रशासनाखाली 25 जणांची राज्यकारभार परिषद नेमली गेली : 13 शिया, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द, 1 तुर्कमेन, 1 ॲसिरियन ख्रिस्ती. या वाटणीला इराकी लोक ‘मुहासासा’ म्हणतात. राष्ट्रपती कुर्द, पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी असा आजचा रिवाज आहे. राज्यघटनेत तो कुठेही लिहिलेला नाही. वाटणी या तीन पदांवर थांबत नाही. मंत्रालय ज्याच्या वाट्याला आले, त्यातले महासंचालक, कंत्राटे आणि नोकरभरतीही त्याचीच.

सरकारी उत्पन्नाचा सुमारे 90 टक्के भाग तेलातून येतो. पगार तेलाच्या पैशातून, पैसा मंत्रालयातून आणि मंत्रालय पक्षाकडून. विरोधात बसणाऱ्या पक्षाकडे कार्यकर्त्याला द्यायला काहीच उरत नाही. म्हणून हरलेलाही सरकारात शिरतो. सगळेच पंगतीला बसल्यावर वाढप्याला जाब कोण विचारणार?

ही कोंडी फोडायचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. 2021 च्या निवडणुकीत शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांच्या गटाला 329 पैकी 73 जागा मिळाल्या. सुन्नी आणि कुर्द मित्र घेऊन बहुमताचे सरकार बनवायचे, बाकीच्यांनी विरोधात बसायचे, असा त्यांचा बेत होता. पण फेब्रुवारी 2022 मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की राष्ट्रपती निवडायच्या बैठकीला दोन-तृतीयांश, म्हणजे 220 सदस्य हजर हवेत. राष्ट्रपती नाही तर पंतप्रधानाची नेमणूक नाही. सद्र यांच्या विरोधकांनी नुसते घरी बसून गणसंख्या मोडली. जूनमध्ये सद्र यांच्या खासदारांनी सामुदायिक राजीनामे दिले आणि त्या जागा कायद्याप्रमाणे खालोखाल मते मिळवणाऱ्यांना गेल्या. पहिल्या क्रमांकाचा गट असा संसदेबाहेर पडला! (राजीनाम्याचा डाव राजकीयदृष्ट्या आत्मघातकी होता, हे आमचे मत.)

प्रश्न : मग चूक नेमकी कुठे झाली? निवडणूक घाईने घेतली, असे म्हणतात. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : घाईपेक्षा आखणी चुकली. 30 जानेवारी 2005 च्या निवडणुकीत संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ धरला होता. जागा 275. मतदारसंघ आखायला खात्रीची जनगणना नव्हती, त्यामुळे ही सोय सुटसुटीत वाटली. परिणाम काय झाला? सुन्नी पक्षांनी बहिष्कार टाकला, सुन्नीबहुल अन्बार प्रांतात मतदान जेमतेम 2 टक्के झाले आणि त्या भागासाठी राखलेल्या जागाच नसल्याने त्यांचा वाटा आपोआप इतरांकडे वळला. प्रांतवार जागा असत्या, तर थोड्या मतांवर का होईना, अन्बारचे प्रतिनिधी निवडून आले असते.

आणि या निवडणुकीतून आलेल्या सभेलाच राज्यघटना लिहायची होती. सुन्नी सदस्य मसुदा समितीत मागाहून घ्यावे लागले. 15 ऑक्टोबर 2005 च्या सार्वमताचा नियम होता, की 18 पैकी कोणत्याही तीन प्रांतांत दोन-तृतीयांश मतदार ‘नाही’ म्हणाले तर मसुदा रद्द. अन्बार आणि सलाहुद्दीनने तो आकडा गाठला, तिसऱ्या निनवेत ‘नाही’ 55 टक्क्यांवर अडकले. राज्यघटना मंजूर झाली, पण सुन्नींच्या मनात सल राहिला. सार्वमताच्या आदल्या दिवसांत त्यांना लवकर दुरुस्तीचे वचन देण्यात आले होते. त्यासाठी 142 वे कलम घातले गेले. दुरुस्ती आजवर एकही नाही.

प्रश्न : जागावाटपाचे ‘सांत-लाग्यू’ सूत्र 1.7 ने सुरू होते म्हणून तिथे आंदोलने झाली, असे वाचले. एका दशांशाने काय बिघडते? (राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : बरेच बिघडते. पद्धत अशी : प्रत्येक यादीच्या मतांना क्रमाने भाजकांनी भागायचे आणि जे भागाकार सर्वांत मोठे येतील त्यांना जागा द्यायच्या. मूळ भाजक 1, 3, 5, 7 असे आहेत. कागदावर करून पाहा. समजा, जागा 5 आणि चार याद्यांची मते 48,000, 28,000, 14,000 व 10,000.

भाजक 1 पासून : 48,000, 28,000, पहिल्या यादीचा दुसरा भागाकार 16,000, मग 14,000, मग 10,000. जागा 2, 1, 1, 1.

आता पहिला भाजक 1.7 करा, पुढचे तेच ठेवा. पहिले भागाकार होतात सुमारे 28,235, 16,471, 8,235 आणि 5,882. त्यांत थोरल्या दोघांचे 16,000, 9,600 आणि 9,333 मिसळले, की पाचही जागा त्यांच्याच. जागा 3, 2, 0, 0. चौदा हजार मतांचा पक्ष रिकाम्या हाताने घरी!

भ्रष्टाचार आणि बेरोजगारीविरुद्धच्या 2019 च्या ऑक्टोबर आंदोलनानंतर हे सूत्र सोडून देऊन 83 लहान मतदारसंघ केले गेले. 2021 मध्ये त्यामुळे अपक्ष आणि नवे पक्ष आत आले. मार्च 2023 मध्ये जुन्या पक्षांनी संसदेत 1.7 आणि प्रांतवार मतदारसंघ परत आणले. लहान पक्ष का चिडले, हे वरच्या आकड्यांत आहे.

प्रश्न : अल्पसंख्याकांना राखीव जागा आहेत ना? (वाचक, मुंबई)

उत्तर : नऊ आहेत : ख्रिस्ती 5, यझिदी, साबियन-मंदाई, शबक आणि फैली कुर्द यांना प्रत्येकी 1. पुणे करार आठवत असेल त्यांना पुढची अडचण लगेच कळेल : उमेदवार त्या समाजाचा, मतदार मात्र कोणीही. 2021 मध्ये पाचपैकी चार ख्रिस्ती जागा बॅबिलॉन चळवळ या ख्रिस्ती पक्षाने जिंकल्या. ती मते मोठ्या प्रमाणावर शिया सशस्त्र गटांच्या समर्थकांची होती, अशी चर्च आणि इतर ख्रिस्ती पक्षांची तक्रार आहे. संयुक्त मतदारसंघात उमेदवाराला सर्वांकडे मत मागावे लागते, हा त्याचा गुण. पण समाज फार लहान असला, की त्याचा प्रतिनिधी इतरच ठरवतात. इराकी ख्रिश्चनांची संख्या 2003 नंतर स्थलांतराने इतकी घटली आहे, की हा धोका तिथे रोजचा झाला.

प्रश्न : सशस्त्र गट निवडणूक लढवतात, हे कायद्यात बसते? (मराठी वाचक, कुवेत)

उत्तर : बसत नाही, पण चालते. राज्यघटनेच्या नवव्या कलमानुसार सेनादलांबाहेर सशस्त्र गट ठेवता येत नाहीत आणि सैनिकाला उमेदवारी करता येत नाही. 2014 मध्ये मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडल्यावर उभ्या राहिलेल्या ‘हश्द’ला, म्हणजे मुख्यतः शिया सशस्त्र गटांच्या आघाडीला, 2016 च्या कायद्याने सरकारी दलाचा दर्जा मिळाला. नेते गणवेश उतरवून वेगळ्या नावाच्या पक्षातून उभे राहतात, गटाला पगार सरकारी तिजोरीतून मिळतो.

प्रश्न : बातम्यांतली मतदानाची टक्केवारी कितपत खरी मानावी? (वाचक, ठाणे)

उत्तर : छेद कोणता, ते आधी पाहा. 11 नोव्हेंबर 2025 च्या मतदानाची जाहीर टक्केवारी सुमारे 56 होती, पण ती बायोमेट्रिक कार्ड घेतलेल्या मतदारांवर काढलेली. वय झाले पण कार्ड काढले नाही, तो मोजणीतच नाही. बहिष्कार घालणारे बहुतेक कार्ड काढायलाच जात नाहीत, त्यामुळे नाराजी वाढली तरी टक्केवारी चांगली दिसू शकते. 18 वर्षांवरील एकूण लोकसंख्येने भागा आणि मग आधीच्या निवडणुकांशी ताडून पाहा.