पट्टी जाड झाली, पण सफाई झाली का?

प्रिय विद्यार्थिनी,

तुझा प्रयोगाचा आराखडा नीट वाचला. स्नायूपेशींना वनस्पतीतलं संयुग द्यायचं, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर वेगळी करून त्यांच्या पट्ट्या पाहण्याची पद्धत) करायचा, आणि एलसी३-२ या प्रथिनाची पट्टी जाड झाली की 'ऑटोफॅजी (पेशीची आतली सफाई) वाढली' असं लिहायचं, असा तुझा बेत आहे. बाकीचं नंतर पाहू, आधी हेच दुरुस्त करू. पाया इथेच कच्चा आहे.

पेशी आपला कचरा दुहेरी पटलाच्या पिशवीत बांधते. ती पिशवी लायसोसोमपर्यंत, म्हणजे पेशीच्या पचनकोठीपर्यंत, जाते आणि तिथल्या आम्लात, एन्झाइमांच्या हाती, आतला माल पचतो. एलसी३-२ बसलेलं असतं त्या पिशवीवर. आता गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग दिसला, तर लोकांनी घरं झाडली असतील, किंवा घंटागाडीच चार दिवस फिरकली नसेल. नुसत्या ढिगावरून यातलं काय झालं ते सांगता येत नाही. तुझ्या पट्टीचंही तसंच आहे.

याचं उत्तम उदाहरण वनस्पतींमधलंच आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी तुला माहीत असेल. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. गाऊटवर हे औषध दिलं जातं. ते पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल मोडतं, म्हणजे पिशव्या ज्या रुळांवरून लायसोसोमकडे जातात ते रूळच उखडतात. पिशव्या साठतात, एलसी३-२ वाढतं, आणि ब्लॉट पाहून कोणीही 'सफाई वाढली' म्हणेल. प्रत्यक्षात हेच औषध, विशेषतः मूत्रपिंडं कमजोर असलेल्या माणसांत, स्नायू आणि नसा दोन्ही बिघडवतं. १९८७ मध्ये या विकाराचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालं. रुग्णांच्या स्नायूंत पोकळ्याच पोकळ्या दिसत होत्या. तुझ्या पद्धतीने कोल्चिसिन तपासलं असतं तर ते स्नायूरोगांवरचं औषध ठरलं असतं!

म्हणून प्रत्येक संयुगासाठी किमान चार वेल (पेशी वाढवायच्या प्लेटमधले खळगे) ठेव: नुसतं द्रावक, संयुग, बॅफिलोमायसिन, आणि संयुग अधिक बॅफिलोमायसिन. बॅफिलोमायसिन लायसोसोमचं आम्ल बंद करतं, म्हणजे तू स्वतः घंटागाडी थांबवतेस. ते १०० नॅनोमोलर, शेवटचे दोन ते चार तास. रात्रभर ठेवू नकोस, मायोट्यूब (एकमेकींना जुळून लांब झालेल्या स्नायूपेशी) तळापासून सुटून येतात. चौथ्या वेलची पट्टी तिसरीपेक्षा जाड असेल तर पिशव्या खरोखर जास्त बनताहेत. दोन्ही सारख्याच, आणि तरी दुसरी पट्टी पहिलीहून जाड असेल, तर तुझं संयुग वाट अडवतंय. पण तिसऱ्या वेलमध्ये रोध पूर्ण झालेला हवा. एकदा ५०, १०० आणि २०० नॅनोमोलर लावून पट्टी कुठे स्थिरावते ते बघून घे. सोबत दोन तास उपाशी ठेवलेला एक वेल असू दे, म्हणजे पद्धत चालते आहे याची खात्री राहील.

सी२सी१२ पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या उंदराच्या स्नायूपेशी) फ्लास्कचा तळ ७० टक्के भरायच्या आतच पुढच्या फ्लास्कमध्ये ने. एकदा गच्च भरल्या की पुढे नीट जुळत नाहीत. मायोट्यूबसाठी दोन टक्के हॉर्स सिरम, चार-पाच दिवस. सगळ्यांचा घोटाळा होतो तो मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात. शिळ्या मीडियममध्ये पेशी अर्धपोटी असतात आणि उपासानेच ऑटोफॅजी वाढते. ज्या वेलला औषधासोबत ताजं मीडियम मिळालं आणि ज्याला मिळालं नाही, त्यांची तुलनाच होत नाही. सगळ्या वेलचं मीडियम एकाच वेळी बदल. डीएमएसओ, म्हणजे संयुग विरघळवायचा द्रावक, सगळीकडे सारखा, ०.१ टक्क्याच्या वर नको.

ब्लॉटसाठी १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉन छिद्रांचा पीव्हीडीएफ पडदा घे. एलसी३-२ साधारण १४ किलोडाल्टनवर येतं, मोठ्या छिद्रांच्या पडद्यातून पार निघून जातं. एलसी३-१, म्हणजे याच प्रथिनाचं पिशवीवर न बसलेलं रूप, नाजूक असतं, नमुना वारंवार गोठवून वितळवला की कमी होतं. म्हणून एलसी३-२ भागिले एलसी३-१ असं गुणोत्तर काढू नकोस, सगळ्या वेलमध्ये साधारण सारखं असणाऱ्या ॲक्टिन प्रथिनाशी तुलना कर.

पी६२ या प्रथिनाचं वेगळं लिहितो, कारण वनस्पतींच्या संयुगांमध्ये नेमकी इथेच फसगत होते. पी६२ कचऱ्यासोबत स्वतःही पचतं, म्हणून ते घटलं की सफाई झाली असं मानतात. पण हळदीतलं कर्क्युमिन, सल्फोराफेन यांसारखी संयुगं एनआरएफ२ हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं करतात आणि एनआरएफ२ पी६२ चं जनुक चालू करतं. एकीकडे पचतंय, दुसरीकडे नवं बनतंय, आणि ब्लॉटवर फरक शून्य. त्याच प्लेटमधून आरएनए काढून क्यूपीसीआरने पी६२ चं जनुक किती चालू आहे ते मोज, तरच अर्थ लागेल.

हळदीचं काम करणार असशील तर आणखी काळजी घे. कर्क्युमिन सिरम नसलेल्या ७.४ पीएचच्या बफरमध्ये काही मिनिटांत मोडतं. शिवाय ते स्वतःच हिरवं चमकतं. जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन लावलेल्या एलसी३ चे ठिपके मोजताना तू कर्क्युमिनच मोजत असशील. जीएफपी नसलेल्या पेशींना तेवढंच कर्क्युमिन देऊन हिरव्या चॅनेलमध्ये बघ. ग्रीन टीतलं ईजीसीजी मीडियममध्येच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम कॅटालेज घालून परिणाम नाहीसा झाला, तर तो परिणाम पेरॉक्साइडचा होता.

मात्रेबद्दल. आराखड्यात द्राक्षांतलं रेस्व्हेराट्रॉल ५० मायक्रोमोलर आहे. माणसाला तोंडावाटे २५ मिलिग्रॅम दिलं तर रक्तात न बदललेलं रेस्व्हेराट्रॉल मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी सापडतं, म्हणजे जेमतेम ०.०२ मायक्रोमोलर. तुझी मात्रा त्याच्या दोन हजार पटींहून जास्त आहे.

डाळिंबाची कल्पना मात्र मला मनापासून आवडली, सोलापूर जवळ असल्यामुळे तर अधिकच. पण पेशींवर रस ओतू नकोस. डाळिंबातलं प्युनिकॅलाजिन मुख्यतः सालीत असतं आणि रक्तात ते जसंच्या तसं जवळजवळ पोचत नाही. आतड्यातले जिवाणू त्यापासून युरोलिथिन ए बनवतात, तेही सगळ्यांच्या पोटात नाही. हे युरोलिथिन खराब मायटोकॉन्ड्रियांची विल्हेवाट वाढवतं. २०१६ मध्ये ते सूत्रकृमी आणि उंदरांत दिसलं, २०२१ मध्ये ड्यूशेन या आनुवंशिक स्नायूरोगाच्या उंदरांचे स्नायू सुधारल्याचं प्रसिद्ध झालं. तेव्हा शुद्ध युरोलिथिन ए विकत घे, आणि जमल्यास त्याचं ग्लुकुरोनाइडही (शरीराने बदललेलं त्याचं रूप), कारण रक्तात फिरतं ते मुख्यतः त्या रूपात.

शेवटचा प्रश्न, कोणता आजार? 'स्नायूरोग' एवढं मोघम लिहून भागणार नाही. कोलाजेन सहा या स्नायूभोवतीच्या प्रथिनाच्या विकारात पिशव्या बनण्याचंच काम मंदावतं. इटलीतल्या पादुआच्या गटाने २०१० मध्ये उंदरांत दाखवलं की ते काम चालू केल्यावर स्नायू सावरतात. पॉम्पे आजारात उलट आहे: लायसोसोमच तुंबलेलं असतं, पिशव्या आधीच खच्चून साठलेल्या असतात. तिथे आणखी पिशव्या बनवून काय साधणार? चेतापेशींतही तसंच. एसओडी१ जनुकात दोष असलेल्या एएलएसच्या (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाणाऱ्या आजाराच्या) उंदरांना रॅपामायसिन दिल्यावर ऑटोफॅजी वाढली आणि आजारही बळावला. अडथळा कोणत्या पायरीवर आहे ते आधी ठरव, संयुग नंतर निवड. मला विचारशील तर सुरुवातीला कोलाजेन सहा घे.

पहिल्या ब्लॉटसाठी वरचे चार वेल कर, पाचवा उपाशी पेशींचा, आणि कोल्चिसिनचा एक जोड, बॅफिलोमायसिनसह आणि त्याविना. प्रतिमा न कापता, एक्सपोजरची वेळ लिहून पाठव. कोल्चिसिनच्या त्या दोन पट्ट्या मी सगळ्यात आधी बघेन.

सस्नेह,
तुझा मार्गदर्शक