पेंडंटमध्ये अख्खी बाग नको

प्रश्न : चांदीवरचं मीनाकाम मला जमायला लागलंय. चिनी बागा आणि जुन्या इमारतींवरून पेंडंट आणि कानातली करायची आहेत. पण लाल खांब, पिवळी कौलं, पूल, तळं असं सगळं घेतलं की नुसती गिचमीड होते. काय ठेवू, काय गाळू?

उत्तर : आधी पिवळी कौलं गाळा. ती बीजिंगच्या राजवाड्याची, बादशाही थाटाची. तुम्हाला ओढ बागेची आहे, तर चीनमधल्या सूझौ शहराकडे बघा. तिथल्या बागा अधिकाऱ्यांनी, विद्वानांनी स्वतःसाठी केलेल्या. 1997 साली त्यांतल्या चार जागतिक वारसा यादीत गेल्या, 2000 मध्ये आणखी पाच. पांढऱ्या भिंती, काळपट करडी कौलं, आणि बाकी रंग झाडांचा नि पाण्याचा. राजवाडा आणि ही बाग एका दागिन्यात एकत्र आणूच नका, दोन्हींचा जीव जातो.

मी तुमच्या जागी असते तर भिंतीतली जाळीची खिडकी घेतली असती, फक्त तेवढीच. जाळी म्हणजे रेषा आणि रेषांमधली घरं. आपलं तारेचं मीनाकामही तेच : पत्र्यावर चपटी पट्टीतार उभी करून घरं पाडायची आणि त्यांत रंग भरायचा. खिडकीतून पलीकडची बाग तुकड्यातुकड्यांनी दिसते. म्हणून घरांत पारदर्शक हिरवा आणि निळा भरा, खालची चांदी उजळू द्या. भोवती अपारदर्शक पांढरी भिंत, भरपूर मोकळी. ती रिकामी वाटली तरी तिथे फूल काढू नका!

या खिडक्यांच्या जाळ्यांतली तडकलेल्या बर्फाची नक्षी तुम्हाला मोहात पाडेल. मलाही ती सगळ्यांत आवडते. पण तिच्या रेषा सरळ, आणि सरळ पट्टीतार उभी राहत नाही, भट्टीत आडवी होते. एकेक रेष सुटी कापण्याऐवजी दोन रेषांचा एक कोन वाकवा. कोन स्वतःच्या पायावर उभा राहतो. तार शुद्ध चांदीचीच घ्या. पारदर्शक रंगाची पूड वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुवा, नाहीतर रंग गढूळ दिसतो. थर पातळ द्या, दर थराला भट्टी. पत्र्याच्या मागच्या बाजूलाही मीना हवाच. तो नसेल तर पत्रा निवताना वाकतो आणि पुढचा रंग तडकतो.

कानातल्यांच्या दोन खिडक्या एकसारख्या करू नका. आकार एक, जाळी वेगळी. सूझौच्या त्सांगलांग बागेत एकाच भिंतीवर शेजारशेजारच्या खिडक्यांची नक्षी बदलत जाते.